क्लच जाम झाला म्हणून ब्रेकमध्ये डिझेल ओतू नका

चवथीच्या आठ दिवस आधी फोंड्याहून काकांचा फोन आला. "डिझेल आणून ठेवलंय रे. ओतायचं बूच कुठे असतं तेवढं सांग."

काकांची गाडी 1960 ची मॉरिस मायनर, पेट्रोलवर चालणारी. डिझेलचा तिच्याशी संबंध काय, म्हणून विचारलं तर काकांनी मेसेज पुढे ढकलला. तो तुमच्याकडेही आला असेल: 'पावसात उभी राहून जुन्या गाडीचा क्लच जाम झाला? गॅरेजवाले लुटतात. हे 5 उपाय घरीच करा.' खाली हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'.

मी दुपारी पोचलो तेव्हा काकांनी ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलून ठेवली होती. गुडघ्यावर बसून, टॉर्च तोंडात धरून ते फ्लोअरमधली झाकणी उचकटत होते. शेजारी डिझेलची बाटली आणि काकूंचं स्वयंपाकघरातलं नरसाळं.

कारण उपाय पहिला: 'क्लच फ्लुइडच्या डब्यात 100 मिली डिझेल टाका, अडकलेला पिस्टन सुटतो.' आता मॉरिस मायनरच्या क्लचला फ्लुइडच नाही. पेडल, त्याला जोडलेला लोखंडी दांडा, पुढे लिव्हर, एवढंच. काकांच्या कपाटात या गाडीचं जुनं वर्कशॉप मॅन्युअल आहे, कव्हर गेलंय पण पानं शाबूत. त्यात क्लचची आकृती काढून दाखवली. काका म्हणाले, "मग हा डबा कसला?" तो डबा ब्रेकचा. मायनरचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलणारा भाग, ड्रायव्हरच्या पायाखाली फ्लोअरच्या खाली असतो आणि तेल घालायचं बूच मॅटखालून सापडतं. म्हणजे पाच मिनिटं उशीर झाला असता तर डिझेल थेट ब्रेकमध्ये.

तसं झाल्यावर काय होतं? ब्रेकच्या आतलं रबर ब्रेक फ्लुइडसाठीच बनवलेलं असतं. डिझेल असो की इंजिन ऑइल, खनिज तेल लागलं की ते फुगतं. आधी ब्रेक धरून बसतात, मग रबर मऊ पडून गळायला लागतं. या गाडीत चारही चाकांना मिळून ब्रेकच्या तेलाचं एकच सर्किट आहे. एक गेलं की सगळे गेले, हातात उरतो फक्त हँडब्रेक. आणि हे पडवीत उभ्या गाडीत कळत नाही, कळतं ते उतारावर. चुकून कुणी ओतलंच असेल तर गाडी हलवू नका. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर आणि होसपाइप, सगळ्यांचं रबर बदलावं लागतं. नुसतं तेल काढून भागत नाही. ज्या गाड्यांना हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असतो त्यांतही रबर हेच, त्यामुळे तिथेही हा उपाय बादच.

मुळात जाम कुठे होतं ते या मेसेजवाल्याला ठाऊक नाही. क्लच प्लेट ही फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक) आणि प्रेशर प्लेट (तिला दाबून धरणारी तबकडी) यांच्यामध्ये दाबलेली असते, आणि ते दोन्ही बिडाचे. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो अशा मुलखात मृगापासून चवथीपर्यंत गाडी हललीच नाही, तर बिडाला गंज चढतो आणि प्लेटचं लायनिंग, म्हणजे तिच्यावरचा घासणारा थर, त्याला धरून बसतं. पेडल नेहमीसारखं दबतं, पण गिअर टाकायला गेलं की करकर. खरं तर आधी एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने वाकून खालचा लिव्हर पुरता हलतो का ते बघायचं. दांड्याची पिनच झिजलेली असेल तर सगळे उपाय फुकट.

दुसरा उपाय, बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कवचात) पेट्रोल-रॉकेल ओतून स्टार्टर मारा. स्टार्टरची ठिणगी तिथे जवळच पडते, बाकी तुम्ही समजा. पेट न घेताही लायनिंग तेल पितं. त्याच मॅन्युअलच्या दोषांच्या तक्त्यात लायनिंगला लागलेलं तेल क्लच नीट न सुटण्याच्या कारणांत आहे आणि घसरण्याच्याही कारणांत आहे. वर 'नंतर हवा मारून साफ करा' असंही लिहिलंय. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ उडवून छातीत घ्यायची नाही.

तिसरा: गाडी चिऱ्याच्या भिंतीला टेकवा, पहिला गिअर टाका, स्टार्टर मारा. नेमका उलटा गिअर. पहिल्यात चाकांवर जोर टॉप गिअरच्या साडेतीन पटींहून जास्त पडतो, म्हणजे चाकं फिरतात किंवा बंपर जातो, प्लेट आहे तिथेच राहते. झटका प्लेटवर यायला हवा असेल तर वरचा गिअर लागतो.

पाचवा, गॅरेजवाले उगाच गिअरबॉक्स उतरवतात. कधीकधी उतरवावाच लागतो. लायनिंग प्लेटवरून सुटून फ्लायव्हीललाच चिकटलं तर दुसरा रस्ता नाही. पण पहिल्याच दिवशी उतरवायला सांगणारेही मी पाहिलेत, तेव्हा इथे फार भांडत नाही.

राहिला चौथा: पेडल दाबून लाकूड अडकवून ठेवा. हा बरोबर आहे, नाइलाजाने कबूल करतो. जुने मेकॅनिक पावसाळ्याआधीच असं करतात, म्हणजे प्लेट चिकटतच नाही. फक्त लाकूड असताना इंजिन चालू ठेवायचं नाही. पेडल दाबलं की क्लचला टेकणारं मायनरचं बेअरिंग कार्बनचं असतं, ते घासून संपतं.

आम्ही तेच केलं. सीट आणि पेडल यांच्यामध्ये रिपेचा तुकडा, दोन रात्री. प्लेट सुटली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे रिकामा सपाट रस्ता बघून, आधी ब्रेक तपासून, इंजिन न्यूट्रलमध्ये चांगलं तापवलं आणि बंद केलं. मग तिसऱ्या गिअरात ढकलून चालू केलं, क्लच पुरता दाबून धरला आणि ॲक्सिलरेटर दाब-सोड, दाब-सोड. चौथ्या की पाचव्या झटक्याला खालून टक्क असा आवाज आला आणि इंजिन मोकळं फिरलं.

काकांनी गाडी कडेला घेतली, चष्मा लावला आणि मेसेज पाठवणाऱ्याला लगेच कळवलं: "मुद्दा 4 एकदम करेक्ट. धन्यवाद."