बेडूक पाहावा निवडून

वेंगुर्ल्यात राहून पैसे देऊन बेडूक आणू पाहणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने ते देवगडात राहून डबाबंद आमरस मागवणाऱ्याकडेही पाहत नसतील. माझ्यावर ही वेळ येण्याचे कारण म्हणजे बदली होऊन गेलेल्या शेजाऱ्यांनी जाताना आमच्या गळ्यात मारलेली काचेची उंच पेटी. तिच्यात मासे ठेवावेत अशी एक सूचना आली होती, परंतु आमच्या घरात माशाकडे पाळण्याच्या दृष्टीने पाहण्याची सवय कोणालाच नसल्यामुळे ती टिकली नाही. मग कन्येने उभयचर पाळण्याचा प्रस्ताव मांडला आणि योग्य प्राणी निवडण्याचे काम घरातील जबाबदार व्यक्ती म्हणून माझ्याकडे आले.

"पैशे दिवन बेडूक?" आईने विचारले. "न्हाणयेत बसलेले असत, त्यांका काय झाला?"

आईचा मुद्दा बिनतोड होता. आमच्या न्हाणीघरात साबणाच्या फळीवर एक झाडबेडूक वर्षानुवर्षे मुक्कामाला आहे, किंवा एकसारखे दिसणारे अनेक झाडबेडूक पाळीपाळीने येतात. पण तो स्वखुशीने येतो आणि स्वखुशीने जातो. त्याला काचेत कोंडण्यात मला शौर्य वाटेना. पहिल्या पावसाला शेतात अंगभर पिवळाजर्द होऊन, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून ओरडणारा डराव बेडूक कन्येला पसंत पडला होता, पण तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत असल्यामुळे आमच्या पेटीत येण्याऐवजी मीच गजाआड जाण्याची शक्यता होती. आंबोलीच्या कातळावरचा जो भेक 2009 मध्ये शास्त्राला नव्याने माहीत झाला आणि आज नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे, त्याचे तर नाव काढणेही पाप. देवगांडूळही उभयचरच; मात्र ते जमिनीखाली राहते, त्यामुळे पाहुणे आले की पेटी दाखवून त्यांना केवळ माती दाखवावी लागली असती.

तेव्हा दृष्टी परदेशाकडे वळवणे भाग पडले. कन्येने सर्वप्रथम ॲक्सोलॉटलचा फोटो पुढे केला. गुलाबी अंग, गळ्याभोवती पिसाऱ्यासारखे कल्ले आणि चेहऱ्यावर कायमचे स्मित असा हा मेक्सिकोतील सोचिमिल्कोच्या पाण्यातला सॅलॅमँडर, म्हणजे पालीच्या आकाराचा शेपटीवाला उभयचर, तुटलेला पाय पुन्हा उगवून घेऊ शकतो, त्यामुळे घरातील लहान मुलांच्या दृष्टीने तो सुरक्षित वाटला. परंतु त्याला पेटीभर पाणी लागते, आणि तेही सोळा ते अठरा अंश तापमानाचे. मे महिन्यात आमच्या माठातले पाणीही इतके गार नसते. पाणी थंड ठेवणारे यंत्र मिळते खरे, पण वळवाच्या पहिल्या गडगडाटाला गेलेली वीज आमच्याकडे कधी परतेल हे महावितरणही सांगू शकत नाही. शिवाय हा प्राणी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे त्याची सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ज्या घरात सातबाऱ्यावरील आजोबांचे नाव अजून उतरलेले नाही, त्या घरात सॅलॅमँडरची कागदपत्रे वेळेत होतील यावर सौभाग्यवतींचा विश्वास बसला नाही.

डार्ट फ्रॉग या चिमुकल्या, भडक रंगाच्या बेडकाचे नाव निघताच तिने "विषारी?" असे विचारून चर्चा संपवली. रानात मुंग्या आणि माइट्ससारखे बारीक जीव खाऊन त्यांच्या कातडीत विष साठते, काचेत जन्मलेल्यांत ते नसते, हे मी समजावून सांगितले, पण "पुस्तकात तसं लिहिलेलं त्या बेडकाला ठाऊक आहे का?" या प्रश्नावर मी निरुत्तर झालो. या बेडकांना पंख नसलेल्या चिलटांचा रतीब लागतो. फणसाच्या दिवसांत आमच्या माजघरात चिलटांचा तुटवडा कधीच नसतो, मात्र ती सर्व पंखांसह येतात.

पॅकमन फ्रॉग हा दक्षिण अमेरिकेतला जीव मला मनापासून आवडला होता. तो मातीत अर्धा गाडून घेऊन दिवसभर हलत नाही, आणि तोंडासमोर जे हलेल ते गिळतो, मग तो दुसरा बेडूक का असेना. "एक आहेत तेवढे पुरेत," असे माझ्याकडे पाहून म्हटले गेल्यामुळे तो मागे पडला. शिवाय पेटी उंच होती आणि याला लागते पसरट जागा.

अखेरीस सर्वानुमते निवड झाली ती ऑस्ट्रेलियातल्या व्हाइट्स ट्री फ्रॉगची. तो हिरवागार, गुबगुबीत असतो, उंच पेटीत वर चढून बसतो आणि आमचा उकाडा बव्हंशी सोसू शकतो. घास गिळताना तो डोळे मिटून ते आत ओढतो आणि त्यांच्या दाबाने घास खाली ढकलतो, यावर कन्या खूश झाली. जास्त खाल्ले तर त्याच्या डोळ्यांवर चरबीच्या घड्या लोंबू लागतात, हे मात्र जेवताना कोणी बोलायचे नाही असे ठरले. तो पंधरा वर्षे सहज जगतो हे कळल्यावर कन्येच्या लग्नानंतर त्याचे कोणी करायचे, यावर तेवढी बोलाचाली झाली.

त्याच्या अटी मात्र पुढे उलगडत गेल्या. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो, म्हणून नळाचे क्लोरीनयुक्त पाणी चालत नाही. विहिरीचे वापरावे तर मेमध्ये आमच्या विहिरीला मचूळपणा येतो, आणि मिठाचे व उभयचरांचे वैर जुने आहे. साबण, खोबरेल किंवा डासांचे मलम लागलेल्या हाताने त्याला शिवायचे नाही, म्हणजे संध्याकाळी सातनंतर आमच्यापैकी कोणीच नाही. पावसाळ्यात पेटीत बुरशी धरू नये म्हणून हवा खेळती हवी. ही सोय आमच्या कपाटांनाही लाभलेली नाही.

सर्वांत मोठी अट जिवंत भक्ष्याची होती. बेडूक येण्याआधी त्याच्या अन्नाची सोय असावी म्हणून रातकिड्यांची पैदास प्रथम सुरू झाली. आईने आधी नाक मुरडले, नंतर "ह्येंका खावक काय घालतंस?" असे विचारून ती स्वतःच दुधीच्या साली घालू लागली, आणि आता कोवळा दुधी आमच्या पानात येण्यापूर्वी त्यांच्याकडे जातो. रातकिडे वाढले, रात्रभर गाऊ लागले आणि त्यांतले बरेचसे निसटून फ्रीजमागे स्थायिक झाले. बेडूक अजून यायचा आहे. दरम्यान स्वयंपाकघरातल्या पालींची प्रकृती इतकी सुधारली आहे की कन्येने त्यांना नावे दिली आहेत.