कर्जासाठी उखाणा

मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी गेली आणि एप्रिलमध्ये मी जाहीर केलं की मी कॉलेजला जाणार. हा क्रम उलटा असता तर बरं झालं असतं हे मलाही कळतं हो, पण आधी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळतो त्या व्हिसावर, घरी बसले, मग ग्रीन कार्डची वाट बघत बसले, मग पोरीची शाळा, आणि बसता बसता त्रेचाळीस कधी झाले तेच कळलं नाही.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचं तालुक्याच्या गावचं कॉलेज समजा. कुणालाही ॲडमिशन, दोन वर्षांची असोसिएट डिग्री, वर्गात एका बाजूला अठराची पोरं आणि दुसऱ्या बाजूला साठीचे आजोबा. इथे न्यू जर्सीत आमच्या काउंटीच्या कॉलेजात मी अकाउंटिंग घेतलं. फी युनिव्हर्सिटीच्या मानाने स्वस्त, पण एक पगार बंद झाला की स्वस्त या शब्दाचा अर्थच बदलतो. मग कुणीतरी म्हणालं अगं सरकारी लोन घे ना, एच-फोरवर मिळत नाही पण ग्रीन कार्डवर मिळतं, फक्त फाफ्सा, म्हणजे शिक्षणाच्या सरकारी मदतीचा फॉर्म, भरायचा. सासूबाईंना फोनवर फाफडा ऐकू आलं आणि त्यांनी जिलबीची चौकशी केली.

आता आमच्या घरात कर्ज हा शब्द जपून वापरतात. बाबा कराडला एका पतसंस्थेत क्लार्क होते, तीस वर्षं त्यांनी लोकांचे कर्जाचे अर्ज तपासले आणि स्वतः एक रुपया काढला नाही. जामीनदार आणला नाही तर सख्ख्या मेव्हण्याचाही अर्ज परत पाठवलेला माणूस. त्यांना सांगायचं नाही असं ठरवूनच मी लॅपटॉप उघडला.

पहिल्याच पानावर आपटले. अकाउंट काढायला नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर. मी आपलं नाव टाकलं, आडनाव टाकलं. मॅच होत नाही. परत टाकलं, परत नाही. मग कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून ते निळं सोशल सिक्युरिटी कार्ड काढून बघितलं तर त्यावर माझं नाव आणि नवऱ्याचं नाव मिळून एकच फर्स्ट नेम! आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात दोन्ही नावं एकत्र येतात आणि तेच पुढे व्हिसावर, ग्रीन कार्डवर, सगळीकडे जातं. डेंटिस्टकडे मला पुकारतात तेव्हा बाजूला बसलेला नवरा उठून उभा राहतो ते याचमुळे. म्हणजे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने जे नाव लिहिलं होतं ते आणि पुढे ह्यांचं, असं दोन्ही घेतल्याशिवाय अमेरिकन सरकार मला ओळखच देईना. तेव्हा रात्रीच्या एक वाजता डायनिंग टेबलावर मी मोठ्याने उखाणा घेतला, फॉर्म भरता भरता रात्रीचा वाजला एक, अमुकरावांचं नाव घेते, लोनचा द्या चेक. अमुकराव सोफ्यावर झोपले होते.

नाव लागलं. पुढे विचारतात, आधीची बॅचलर्स डिग्री आहे का. आहे ना! शिवाजी विद्यापीठाची बीए, मराठी, सेकंड क्लास. या देशात आल्यापासून त्या डिग्रीकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, एका डे-केअरमध्ये नोकरीसाठी गेले होते तर तिथल्या बाईने ती काय भाषा आहे असं विचारलं होतं. पण इथे मात्र ती धरतात! बॅचलर्स झालेली असेल, परदेशातली का असेना, तर सरकारची पेल ग्रँट मिळत नाही. ग्रँट म्हणजे फुकटचे पैसे, परत करायचे नसतात. लोन मात्र मिळतं, म्हणजे परत करायचे ते पैसे मिळतात. वीसएक वर्षं कुठेच कामाला न आलेली डिग्री आडवी यायला बरोबर आली.

मग संपत्ती. राहतं घर धरत नाहीत, पण त्या 2025-26 च्या फॉर्मवर दुसरी जागा, धंदा, शेती असेल तर त्या दिवशीची किंमत लिहायची होती. नवरा म्हणाला आपली कुठली शेती. मी म्हटलं तुमची आहे की, वाळव्याची. मग भारतात फोन. तिथे कळलं की अकरा गुंठे आहे, चौदा वारस आहेत आणि सातबाऱ्यावर अजून आजेसासऱ्यांचंच नाव आहे जे 1991 साली गेले. चुलतसासऱ्यांनी माझ्या तोंडून शेती आणि सरकार हे दोन शब्द एका वाक्यात ऐकले आणि ते एकदम सावध झाले, सूनबाई, तुम्ही तिकडून वाटणीची केस तर नाही ना टाकताय? त्यांना समजावण्यात पाऊण तास गेला. माझी माहेरची जमीन तर मी केव्हाच हक्कसोड करून दिली होती, एका पैठणीच्या बदल्यात, आणि ती पैठणी विचारली नाही हे नशीब. सातबाऱ्यावर ज्याचं नावच नाही त्याच्या नावावर काय लिहायचं, शेतीपुढे शून्य घातलं.

खरी गंमत उत्पन्नाची. 2025-26 च्या फॉर्मला 2023 चा टॅक्स लागतो, आणि तो आपण टाइप करायचाही नाही, फक्त परवानगी द्यायची, तो आपोआप येऊन बसतो. 2023 साली नवऱ्याला बोनस मिळाला होता. सरकारच्या लेखी आमच्या घरात अजून 2023 च चालू होतं, नवरा अजून इस्त्रीचा शर्ट घालून सकाळच्या ट्रेनने जात होता. प्रत्यक्षात तो हाफ पँटमध्ये माझ्यामागे उभा राहून, सेव्हिंगमधे एवढेच उरलेत का गं, असं विचारत होता. शेवटी जो आकडा निघतो त्याला एसएआय म्हणतात, स्टुडंट एड इंडेक्स, तो जितका मोठा तितके तुम्ही सरकारच्या लेखी पैसेवाले, खरा गरजू माणूस असेल तर तो उणे 1,500 पर्यंत खाली जाऊ शकतो. आमचा पाच आकडी आला. नवऱ्याने त्याचा फोटो काढून ठेवला, म्हणाला कुणीतरी श्रीमंत म्हटलं.

कॉलेजच्या एड ऑफिसात, म्हणजे ग्रँट-लोनचं बघतात तिथे, गेले. काउंटरवर माझ्या पोरीपेक्षा चार वर्षांनी मोठा मुलगा, त्याने सांगितलं की परिस्थिती बदलली असेल तर स्पेशल सर्कमस्टन्सेसचं लेटर द्या, सोबत नोकरी गेल्याचं पत्र, शेवटची पे स्लिप, बेरोजगार भत्त्याचा कागद. लेटर! इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या विषयातलं काहीतरी मागितलं. शाळेतल्या पत्रलेखनासारखं लिहून काढलं, विषय, संदर्भ, महोदय, वरील विषयास अनुसरून. मग पोरीने त्याचं इंग्रजी केलं आणि दोन पानांचं सहा ओळी झालं. ते दिलं, तर तीन आठवडे पोर्टलवर नुसतं पेंडिंग. मी फोन करायचे, ते म्हणायचे डॉक्युमेंट मिळालं नाही, मी प्रत्यक्ष जायचे तर डॉक्युमेंट त्या मुलाच्या टेबलावर, त्यावर कॉफीचा कप. दोनदा तोच कप. शेवटी जुलै संपताना मंजूर झालं, सबसिडाइज्ड 3,500 डॉलर. सबसिडाइज्ड म्हणजे कॉलेजात निदान अर्धवेळ, आमच्याकडे सहा क्रेडिट, आहे तोवर व्याज सरकार भरतं. अनसबसिडाइज्ड अजून 6,000 घेता येत होतं, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज, तिथे माझ्यातली पतसंस्थेची पोर जागी झाली आणि मी नको म्हटलं.

संपलं असं वाटलं ना? मलाही. मग प्रॉमिसरी नोट आली, म्हणजे कर्ज फेडीन असं लिहून द्यायचा कागद. त्याआधी कर्ज म्हणजे काय याचं ऑनलाइन समुपदेशन असतं, प्रश्नोत्तरांसकट, त्यात मी वहीत नोट्स काढल्या. आणि नोटमध्ये दोन रेफरन्स द्यायचे, अमेरिकेत राहणारे, वेगवेगळ्या पत्त्यांवरचे, आपल्याला निदान तीन वर्षं ओळखणारे. जामीनदार नव्हेत हं, पैसे त्यांनी भरायचे नसतात, आपला पत्ता लागला नाही तर विचारायला फक्त. पण हे मराठी माणसाला पटवून बघा. मंडळातल्या एका वहिनींना फोन केला.

"अगं देईन की नाव, त्यात काय. पण सही नाही ना करायची?"

"नाही हो वहिनी, नुसतं नाव, पत्ता, फोन."

"नाही म्हणजे, यांना विचारते हं. यांच्या भावाने एकदा असंच नुसतं नाव दिलं होतं."

त्यांनी यांना विचारलं, यांनी आणखी दोघांना विचारलं, आणि ऑगस्टच्या शेवटी गणपतीच्या आरतीला गेले तर हॉलमध्ये सगळ्यांना माहीत. एक काकू माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, होतं गं असं, आमच्याकडे यायचं जेवायला कधीही. मोदकांचा डबा भरून दिला तो वेगळा. मीही घेतला, तळणीचे होते. रेफरन्स म्हणून शेवटी पोरीची जुनी बस ड्रायव्हर आणि शेजारची इटालियन आजी आली, दोघींनी एका मिनिटात हो म्हटलं.

सही कीबोर्डवर करायची, नाव टाइप करून, अकाउंटवर आहे अगदी तसंच. म्हणजे परत उखाणा.

पहिल्या वर्षाला पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याचे पैसे क्लास सुरू झाल्यावर तीस दिवस थांबवून ठेवतात आमच्याकडे, मध्येच पळालो तर म्हणून. मी पळाले नाही, पळायला पायात जीव नव्हता, डेबिट-क्रेडिटने रात्री झोप लागत नव्हती. दसरा झाल्यावर पहिला हप्ता आला, 1,750 चा, त्यातून एक टक्क्याहून थोडी जास्त फी आधीच कापलेली, उरलेले परस्पर कॉलेजकडे. माझ्या हातात एक ईमेल आली.

मग न राहवून बाबांना सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"व्याज काय?"

"सहा पॉइंट एकोणचाळीस, फिक्स. पण शिकतेय तोवर शून्य, आणि कॉलेज सुटल्यावर सहा महिने हप्ता नाही."

"तारण?"

"काही नाही."

"जामीनदार?"

"नाही बाबा. एक बस ड्रायव्हर आहे, पण ती जामीनदार नाही."

परत पंखा. मग आवाज खाली आणून, बहुतेक आई स्वयंपाकघरात असावी, म्हणाले, "त्या दुसऱ्या सहा हजारांचं काय म्हणालीस? नाही, तुझ्या भावाला बोअर मारायची आहे."