केंद्रक इतकं मोठं नसतं!

अणुरचनेवरचा लेख आवडला, पण आकृतीतलं केंद्रक, म्हणजे अणूचा मधला गाभा, लिंबाएवढं दिसतंय, त्याखाली खुलासा हवाच. अणू केंद्रकाच्या 10 हजार ते 1 लाख पट रुंद असतो. इथे सोलापुरात नववीच्या मुलांना मी सांगते, केंद्रक म्हणजे मालदांडी ज्वारीचा दाणा धरा, मग इलेक्ट्रॉनचा वावर शंभरेक मीटरपर्यंत! मग प्रयोगात सोन्याच्या वर्खातून बहुतेक अल्फा कण (धनभारित सूक्ष्म कण) सरळ का गेले आणि त्यावरून शास्त्रज्ञ रदरफोर्डनी 1911 मध्ये केंद्रक कसं ओळखलं, हे पोरांना चटकन उमगतं. लेखातलं 'वस्तुमानांकावरून मूलद्रव्य ओळखा' हे वाक्य मात्र कृपया बदला. वस्तुमानांक म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची एकूण संख्या. कार्बन-14 आणि नायट्रोजन-14, दोन्हींचा वस्तुमानांक 14च. फरक प्रोटॉनचा: कार्बनमध्ये 6, नायट्रोजनमध्ये 7.