चूक टेम्पोवाल्याची, किंमत उतरली माझ्या गाडीची

काल मिरज रस्त्यावरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने माझ्या गाडीच्या पत्र्यावर रंगाच्या थराची जाडी मोजणारा मायक्रॉन मीटर लावला आणि फोनवर साडेसहा लाख बोललेला हा गृहस्थ जागच्या जागी पाच लाखांवर आला. दरवाज्यांवर शंभर-सव्वाशे मायक्रॉन, पण डिकीवर आणि मागच्या क्वार्टर पॅनलवर त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणजे तिथे पुन्हा रंगकाम झालेले, एवढेच त्याने मोठ्याने वाचून दाखवले. वास्तविक मीटर लावण्याची गरजच नव्हती. गाडी सांगलीत विश्रामबागेत लाल सिग्नलला उभी असताना मागून भरलेला टेम्पो आदळला होता, हे मी फोनवरच सांगितले होते आणि क्लेमचे कागद व वर्कशॉपचे बिल त्याच्यासमोर ठेवले होते. त्यावर त्याचे उत्तर असे की, “साहेब, काम चांगलं झालंय, पण गाडी लागलेली आहे, आता रेट निघत नाही.”

इथवर मी ऐकून घेतले असते. मात्र त्याच्याच शेडमध्ये, माझ्या गाडीपासून दोन हातांवर, तेच मॉडेल ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंट’ अशी पाटी लावून उभे होते आणि त्याच्या पुढच्या मडगार्डचा रंग बॉनेटशी जुळत नव्हता, हे कोणालाही उन्हात दिसले असते. मी म्हणालो, तोच मीटर या मडगार्डवर लावून दाखवा. त्याने मीटर खिशात घातला आणि पोऱ्याला चहा आणायला पिटाळले. म्हणजे विकत घेताना लांबीचा (पुट्टीचा) थर मोजायचा, विकताना मोजायचा नाही, आणि मधले दीड लाख ज्याने खरे सांगितले त्याच्याकडून कापायचे, असा हा व्यवहार आहे. मी चहा न घेता निघालो.

त्याआधी त्याने आणखी एक प्रश्न विचारला होता, जो सांगलीची एमएच १० पाटी पाहिली की कोल्हापूरपासून पुण्यापर्यंतचा प्रत्येक व्यापारी मला विचारतो: “गाडी पुरातली नाही ना?” नोंदणी २०२२ ची आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ही गाडी अस्तित्वातच नव्हती आणि आरसी बुकावर तारीख छापलेली आहे, तरीही हा प्रश्न येतो आणि भाव पाडण्याची सुरुवात तिथूनच होते.

आता विमा कंपनीचे ऐका. अपघाताच्या वेळी गाडी तिसऱ्या वर्षात होती, म्हणून लोखंडी भागांवर १५ टक्के घसारा, बंपर प्लास्टिकचा म्हणून त्यावर थेट ५० टक्के. चूक दुसऱ्याची असूनही नवीन बंपरचे निम्मे पैसे माझ्या खिशातून गेले, वर क्लेम घेतला म्हणून साठलेला एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर आला. विक्रीची किंमत उतरली त्याचे काय, असे विचारले तर उत्तर मिळाले की आनुषंगिक नुकसान आणि घसारा पॉलिसीत बसत नाही. पॉलिसीत तसे छापलेले आहे, हे मला मान्य आहे. परंतु हीच मंडळी नूतनीकरणाच्या वेळी वयानुसार गाडीची किंमत उतरवतात, दोन वर्षे झाली की ३० टक्के वजा करून आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरायची गाडीची किंमत, ठरवतात, आणि त्यासाठी त्यांच्याजवळ छापील तक्ता असतो. वयाने किंमत किती उतरते हे टक्क्यांत सांगता येते, मग अपघाताने किती उतरली हेच तेवढे मोजता येत नाही, यावर मी विश्वास का ठेवावा?

टेम्पोवाल्याच्या विम्याकडून वसूल करा, असा सल्ला देणारेही भेटले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मालमत्तेच्या नुकसानीसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते, हे खरे आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीने तिथे अर्ज करण्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. माझे नुकसान मला दिसले ते काल, गाडी विकायला काढल्यावर. दुरुस्तीचे बिल पहिल्याच महिन्यात हातात येते, किमतीतला खड्डा मात्र गाडी विकायला नेल्यावरच समोर येतो, आणि तोवर मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालीच सांगितले की दुरुस्तीनंतरही गाडीची किंमत कमी राहत असेल, तर विमा कंपनीने ती घट तपासून भरून दिली पाहिजे. जर्मनीतली न्यायालयेही ही घट भरपाईत धरतात. आपल्याकडे अपघाताच्या जागी जमलेले लोक “मिटवून टाका की पाहुणं, कुणाला लागलं नाही ना?” एवढे म्हणून पांगतात आणि टेम्पोवाला हात जोडून निघून जातो.

सगळ्यात जास्त चीड मला आमच्याच सोसायटीतल्या एकाच्या उपदेशाची येते. क्लेम घ्यायलाच नको होता, म्हणे, एखाद्या गॅरेजला रोखीने पत्राकाम करून घेतले असते तर कागदावर काहीच आले नसते. अशाच सल्ल्यांमुळे त्या शेडमध्ये तसल्या ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंट’ पाट्या लागतात.

विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी पाहायला आला होता तेव्हाच त्याने दुरुस्तीच्या खर्चाखाली विक्रीमूल्यातली घट हा एक रकाना भरला असता, तर न्यायाधिकरणापुढे ठेवायला माझ्याजवळ मुदतीत एक कागद असता. तो रकाना प्रत्येक अहवालात असलाच पाहिजे, आणि ज्याच्या वाहनाने धडक दिली त्याच्या विम्याने ती रक्कम दिली पाहिजे. गाडी मी पाच लाखांना देणार नाही. उद्या जाहिरात टाकणार आहे, अपघाताचे फोटो आणि बिल यांच्यासकट, आणि किंमत साडेसहाच लिहिणार आहे.