एल्सा पळाली म्हणणाऱ्यांना

'फ्रोझन'चा, म्हणजे बर्फाची जादू येणारी राणी एल्सा आणि तिची धाकटी बहीण अ‍ॅना यांच्या चित्रपटाचा, तिसरा भाग 2027 च्या नोव्हेंबरात येणार असं डिस्नेनं जाहीर केलंय, आणि त्यावरून आमच्या घरच्या ग्रुपवर दुसऱ्या भागाची उणीदुणी निघाली. सुरुवात आतेभावानं केली. दादा कोथरूडला असतो, वयानं मोठा, मतं त्याहून मोठी. त्याचा मेसेज असा: "एल्सानं शेवटी काय केलं? राज्य धाकट्या बहिणीच्या गळ्यात मारलं आणि स्वतः जंगलात घोडा फिरवत बसली. हे शिकवायचं का पोरींना? आणि गाणी! 'लेट इट गो' गल्लीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा यायचं. दुसऱ्या भागातलं एक तरी कुणाच्या तोंडात बसलंय?" खाली अंगठ्यांची रांग. आत्यानं भर घातली, "राणी झाली तरी लग्नाचं नाव नाही." माझ्या धाकट्या बहिणीनं सांगलीहून, हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारा तो पिवळा चेहरा टाकला. बाकी सगळं मी सोडून दिलं असतं.

आधी गाणी, कारण तिथं दादाचं अर्धं बरोबर आहे. पहिला चित्रपट 2013 चा, 'लेट इट गो'ला 2014 मध्ये ऑस्कर मिळालं, आणि क्रिस्टन अँडरसन-लोपेझ व रॉबर्ट लोपेझ या नवरा-बायकोनंच 2019 च्या दुसऱ्या भागाची गाणी केली. लोकांना हवं होतं तेच गाणं, फक्त नवीन झग्यात. 'इन्टू द अननोन' त्या अपेक्षेच्या जवळ जातं: चढत जाणारा सूर, गाणारीच्या गळ्याची परीक्षा. ऑस्करचं नामांकनही त्यालाच मिळालं. पण चित्रपटाचा जीव 'शो युवरसेल्फ'मध्ये आहे, आणि ते गाणं पहिल्या ऐकण्यात हाताला लागत नाही. सुरुवातीला आईनं झोपवताना म्हटलेल्या अंगाईचे सूर त्यात परत येतात, आईचा आवाज येऊन मिसळतो, आणि ज्या हाकेच्या मागे एल्सा समुद्र ओलांडून आली ती हाक कुणाची होती ते कळतं. हे गाणं टिकणार की जाणार यावर स्टुडिओत बराच काळ काथ्याकूट चालला होता. 2020 मध्ये आलेल्या पडद्यामागच्या मालिकेत ते सगळं दाखवलंय. चाहत्यांमध्ये अजून दोन तट आहेत. लहानांचा 'इन्टू द अननोन'चा, आणि पहिला भाग आला तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते त्यांचा 'शो युवरसेल्फ'चा. दुसऱ्या तटातल्या कित्येकांना त्यात स्वतःला न लपवता उभं राहण्याचं गाणं ऐकू येतं. एल्साला मैत्रीण द्या अशी मोहीम 2016 मध्येच ट्विटरवर चालली होती. दुसऱ्या भागात तिला ना मैत्रीण मिळाली ना नवरा. आत्याला काळजी लागली, त्या चाहत्यांचा हिरमोड झाला. इथं नॉर्वेत मात्र शाळेच्या दुगनादला, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या श्रमदानाला, पालकांमध्ये हा विषय निघाला तेव्हा एल्साच्या लग्नाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. अ‍ॅनाच्या प्रियकराचं, ख्रिस्तॉफचं, रेनडिअरच्या कोरससकट गायलेलं, ऐंशीच्या दशकातल्या रॉक गाण्यांची थट्टा करणारं गाणं मात्र सगळ्या बापांना पाठ होतं.

आता मी बर्गनमध्ये राहते म्हणून मला यातलं जास्त कळतं असं नाही. पण थोडं कळतं. उन्हाळ्यात क्रूझवरून उतरलेल्या पोरी निळे झगे घालून ब्रिगेनसमोर, म्हणजे बंदरावरच्या जुन्या लाकडी घरांच्या रांगेसमोर, फोटो काढतात, कारण एल्साच्या राज्यातल्या, आरेंडेलच्या, घरांवर ब्रिगेनची छाप आहे. 'इन्टू द अननोन'मध्ये लांबून येणारी ती हाक ऑरोरा या नॉर्वेजियन गायिकेच्या गळ्यातली, आणि ऑरोरा वाढली ओसमध्ये, म्हणजे आमच्या शेजारीच. हे मी परवा ग्रुपवर लिहिलं तर दादानं विचारलं, "मग तुला काय त्याचे पैसे मिळतात?"

फेब्रुवारी 2020 च्या ऑस्करला इंग्रजीतल्या एल्साचा आवाज असलेल्या इडिना मेन्झेलबरोबर नऊ देशांच्या एल्सा रंगमंचावर आल्या आणि एकेक ओळ आपापल्या भाषेत गायल्या. डॅनिश, नॉर्वेजियन, थाई, पोलिश, जपानी. भारतातली एकही नाही. हिंदीत प्रियांका चोप्रा एल्सा झाली होती, परिणीती अ‍ॅना. तमिळ, तेलुगू डबही निघाले. मराठी नाही. नॉर्वेची लोकसंख्या 55 लाखांच्या घरात. मोठ्यांचा सिनेमा इथं इंग्रजीतच चालतो, खाली अक्षरं असतात, पण पोरांचा सिनेमा नॉर्वेजियनमध्ये डब झाला नाही तर गोंधळ होईल. त्याहून पुढचं म्हणजे 'फ्रोझन 2' उत्तर सामी भाषेतही, म्हणजे इथल्या उत्तरेकडच्या आदिवासी सामी लोकांच्या भाषेतही, डब झाला. ही भाषा बोलणारे 20-25 हजार असतील. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख. सांगलीतल्या एका वॉर्डात मावतील एवढ्या लोकांसाठी एल्सा त्यांच्या भाषेत गाते, आणि सांगलीच्या पोरीला हिंदीत ऐकावं लागतं.

हे लिहिल्यावर दादाचं उत्तर तयार होतं: "मराठी डब बघणार कोण? पोरांना हिंदी येतंच की." गंमत म्हणजे 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला तेव्हा हाच दादा रोज तीन-तीन मेसेज टाकायचा, आणि 29 जूनला सरकारनं माघार घेतली तेव्हा त्यानं पेढ्यांचा फोटो टाकला होता. शाळेत हिंदी नको, पण पोरांच्या गाण्यांत चालतं. शाळेतली हिंदी दिसते, तिच्याविरुद्ध मोर्चा निघतो. आंघोळ करताना पोरगी कुठल्या भाषेत गुणगुणते याकडे कुणाचं लक्ष नसतं.

मी हे अर्थात सोयीनं सांगतेय. सामी डब काही आपोआप उगवला नाही. पहिल्या चित्रपटात ख्रिस्तॉफचे कपडे, सुरुवातीचं सामी वळणाचं गाणं, सगळं न विचारता घेतलं अशी टीका झाली होती, म्हणून दुसऱ्या वेळी डिस्नेला नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या सामी संसदांशी आणि सामी परिषदेशी लेखी करार करावा लागला, सल्लागारांचा गट घ्यावा लागला, आणि डब हा त्या करारातला भाग होता. म्हणजे मागणारं कुणीतरी होतं. आणि सामींच्या रेनडिअरच्या कुरणांवर उभारलेल्या फोसेनच्या पवनचक्क्यांचा विषय काढला की माझे इथले सहकारी मातपाक्क्यात, म्हणजे घरून आणलेल्या डब्यात, तोंड घालतात, हेही आहे. पण ग्रुपवर मी ते लिहिलं नाही. दादाशी भांडताना नॉर्वे चांगलाच असतो.

तिकडे भाची हिंदीत गायची, इकडे माझी लेक नॉर्वेजियनमध्ये. व्हिडिओ कॉलवर दोघी एकदम सुरू व्हायच्या, चाल एक, शब्द वेगळे, आणि मधे आम्ही दोघी बहिणी "हळू गं, आजी झोपलीय" एवढंच मराठी बोलणाऱ्या. लेकीशी मी मराठीतच बोलते. एसएफओमधून, म्हणजे शाळेनंतरच्या पाळणाघरातून, आली की पहिला अर्धा तास ती नॉर्वेजियनमध्येच उत्तर देते. दादाला हे माहीत नाही, आणि मी ते सांगणारही नाही.

मुख्य मुद्दा एल्सा पळाली का हा. ज्यांनी चित्रपट नीट पाहिलाय त्यांनी सांगावं, धरण कोण फोडतं? आजोबा राजानं मैत्रीची भेट म्हणून जंगलातल्या नॉर्थुल्ड्रा लोकांच्या नदीवर धरण बांधलेलं असतं, खरा हेतू त्यांना दुबळं करण्याचा. नॉर्वेत हे बघताना उत्तरेत सामींच्या भागात बांधलेलं आल्ताचं धरण आठवल्याशिवाय राहत नाही. 1979 मध्ये सामी तरुण ऑस्लोत संसदेसमोर उपोषणाला बसले होते. धरण तरीही झालं, पण त्याच भांडणातून पुढे 1989 मध्ये सामी संसद आली. चित्रपटात ते धरण फुटतं. दगडी राक्षसांना उठवून, त्यांना मागे लावून घेऊन धरणापर्यंत आणते ती अ‍ॅना. एल्सा तेव्हा हिमनदीच्या पोटात गोठलेली असते. राज्य अ‍ॅनाच्या गळ्यात कुणी मारलेलं नाही, तिनं ते मिळवलंय. आणि त्याआधी एका गुहेत, ओलाफ हा त्यांचा बर्फाचा माणूस विरून गेलाय, बहीण मेली असं धरून ती जे गाते, 'द नेक्स्ट राइट थिंग', ते माझ्या मते दोन्ही चित्रपटांतलं सगळ्यात धीट गाणं आहे. त्यात वर चढणारा सूर नाही. अडखळत, जवळजवळ बोलत सुरू होतं. आता फक्त पुढचं एक पाऊल, मग त्याच्या पुढचं. पोरांच्या चित्रपटात दुःखानं मोडलेलं माणूस एवढं सरळ क्वचितच दिसतं. चाहते याचं नाव शेवटी घेतात, कारण ते गळा दाखवायच्या कामाचं नाही.

हा युक्तिवाद मी ग्रुपवर मोठ्या तोऱ्यात टाकला, आणि टाकल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कुणाची बाजू लढवत होते आणि कुणाची मांडून बसले.

ऑगस्ट 2019. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 45. गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरायच्या आधी बहिणीनं आईला समोरच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर नेलं, गॅसची टाकी नेली, मग कागदपत्रांची पिशवी, मग आईच्या गोळ्या, मग परत जाऊन देव. नवरा मिरजेत अडकलेला. मी बीबानेनमध्ये, इथल्या ट्राममध्ये, बसून फोनवर फुटांचे आकडे बघत होते आणि तिला मेसेज करत होते: "आता किती?" एवढं पाणी कोयनेचं की अलमट्टीच्या फुगवट्याचं यावर दादा आणि मी ग्रुपवर वाद घालत होतो. दोघंही कोरडे.

त्याच वर्षी थंडीत भाचीनं 'फ्रोझन 2' पाहिला. धरण फुटून पाण्याची भिंत आरेंडेलवर चालून येते तिथं तिनं आईला विचारलं, "हे किती फूट असेल?" सांगलीच्या पोराला पूर म्हटलं की फूट. मग एल्सा घोड्यावरून येते, हात वर करते, लाट थांबते, गाव वाचतं. चित्रपटाची सगळ्यात लटकी जागा ही. कित्येक चाहत्यांनी तेव्हाच म्हटलं की आजोबांच्या पापाची किंमत आरेंडेलनं काहीतरी मोजायला हवी होती, निदान राजवाडा तरी वाहून जायला हवा होता. मला पटतं. बनवणाऱ्यांचा धीर ऐन वेळी सुटला. लांब गेलेली बहीण बरोबर त्याच क्षणाला येऊन पोहोचते हे कुणी लिहिलं असेल, त्याच्या घरातलं कुणी लांब गेलेलं नसणार. मी दिवाळीत पोहोचले, ब्रूनोस्त हे इथलं तपकिरी चीज आणि चॉकलेटं घेऊन. भिंतींना चुना लागून झाला होता.

शेवटी एल्सा जंगलात राहते आणि अ‍ॅना तिला वाऱ्याबरोबर चिठ्ठी पाठवते: शुक्रवारी खेळायला ये, उशीर करू नकोस. यावर चाहते चिडले होते. पहिला अख्खा चित्रपट दोघी बहिणी एकत्र याव्यात म्हणून, आणि दुसऱ्यात पुन्हा वेगळ्या? मला हा शेवट तेव्हाही आवडला, आजही आवडतो, आणि दादा म्हणतो तसं ते माझ्या सोयीचं आहे म्हणून आवडत असेल तर असो. दादानंही सांगली सोडलीच की. पुणं एसटीनं चार-पाच तासांवर आहे म्हणून ते सोडणं मोजायचं नाही, असा त्याचा हिशेब. त्याला जंगलातली एल्सा बोचते, कारण तिचं जाणं पडद्यावर दिसतं. आणि मला पहिल्या भागातलीच एल्सा हवी असणारे चाहते हट्टी वाटतात. पण सांगलीत गेल्यावर हरिपूर रोडला नवीन दुकान दिसलं की माझं तोंड वाकडं होतं, भडंगाची चव बदलली म्हणून मी बहिणीशी वाद घालते. ती म्हणते, "ताई, भडंग तेच आहे. तू मिरची खायची सोडलीस."

त्या पिवळ्या चेहऱ्याबद्दल मी तिला वेगळा मेसेज करून विचारलं. ती म्हणाली, "अगं, जंगलात घोडा फिरवत बसली या वाक्याला हसले. तू कशाला अंगाला लावून घेतेस? आणि हो, आईच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर जूनची तारीख देतायत. तू येणार असशील तर तशी घेते, नाहीतर मी आणि हे बघतो."

शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुटते, ऑफिसात उन्हाळ्याच्या रजा जानेवारीतच लागल्यात, माझी जुलैची आहे. तिला अजून उत्तर दिलेलं नाही. दादाला मात्र दिलंय, तीन स्क्रीन भरून.