मिस्टरांना घेऊन या

दिवस गेलेत आणि नको आहेत? घाबरू नका, ताई. आपल्या देशात १९७१ पासून गर्भपातासाठी कायदा आहे. तो अजून हॉस्पिटलच्या काउंटरपर्यंत पोचलेला नाही, एवढंच. तोवर माझे चार सल्ले ऐका. धाकट्या बहिणीबरोबर नाशकातले तीन दवाखाने पालथे घातले, तेव्हा गेल्या महिन्यात हे ज्ञान मिळालं. ताजं आहे.

सगळ्यात आधी, नवरा जमिनीवर काम करणारा निवडा.

पत्रिका बघता, पगार बघता, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे ते बघता. तसं तो बाराही महिने सही करायला हाताशी असेल का, तेही बघून घ्या. माझ्या बहिणीने बघितलं नाही. तिचे मिस्टर मर्चंट नेव्हीत. दोन मुलं, मोठा सातवीत. तांबी बसवलेली होती, ती सरकली. कळलं तेव्हा नवरा बोटीवर चढून महिना झालेला आणि हिला सातवा आठवडा. दोघांचं फोनवर बोलणं झालं, ठरलं, आणि आम्ही एका मोठ्या चकचकीत हॉस्पिटलात गेलो. केसपेपरचे आठशे रुपये भरले. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, “मिस्टर कुठायत?”

“बोटीवर.”

“कधी येणार?”

“पाच महिन्यांनी.”

“मग ते आले की त्यांना घेऊन या.”

पाच महिन्यांनी! म्हणजे तोवर आठवा लागलेला. मी म्हटलं, मग डोहाळजेवणही इथंच उरकून टाकू का? बाईंना हसू आलं नाही. भावोजींनी बोटीवरून कागदावर सही करून फोटो पाठवला. तो चालेना, सही ओरिजिनल पाहिजे. मग बाईंनाच आमची दया आली असावी. म्हणाल्या, “बरं, सासऱ्यांची चालेल.”

सासऱ्यांची! बहात्तर वर्षांचा, बायपास झालेला माणूस. त्याच्यापुढे जाऊन काय म्हणायचं? अण्णा, पेपर बाजूला ठेवा आणि तुमच्या सुनेच्या गर्भाशयाबद्दल इथं खाली सही करा? मी म्हटलं, मी सख्खी मोठी बहीण आहे, मी करते सही. तर, “जेन्ट्स कोणी नाहीत का बरोबर?” जेन्ट्स म्हटल्यावर बाहेर आमचा रिक्षावाला उभा होता. त्याची चालली असती बहुतेक.

आणि ज्या बाईची सही पुरेना, ती करते काय? बँकेत अधिकारी आहे. लोकांची घरं तिच्या सहीवर उभी राहतात. पन्नास लाखांच्या फाइलवर तिची सही चालते आणि स्वतःच्या पोटावर चालत नाही. एकानेही, हो, एकानेही तो फॉर्म उलटून बघितला नव्हता. मी बघितला. फॉर्म सी म्हणतात त्याला, एवढासा आहे. बाईचं नाव, अमुकची पत्नी किंवा मुलगी, वय, पत्ता, ‘मी संमती देते’, तारीख, सही. नवऱ्याचं आलं तर नाव येतं, सही कुठंच नाही. पालकाची सही लागते ती बाई अठराच्या आतली किंवा मनोरुग्ण असेल तर. छत्तीस वर्षांची बँक ऑफिसर दोन्हींपैकी कशात बसते ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

असो. पुढचे सल्ले थोडक्यात.

लग्न झालेलं नसेल तर जाताना मंगळसूत्र घाला. एक ग्रॅमचंही चालतं. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला सांगून टाकलंय की चोवीस आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही. पण न्यायालय दिल्लीत असतं आणि काउंटर गल्लीत.

आवाज सहन करायची सवय ठेवा. “ते खाली करायला आलेत ना, ते कोण?” असा पुकारा होईल आणि बाकड्यावरच्या वीस माना तुमच्याकडे वळतील. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, तिथं अडलेल्या विधवेचं नाव गुप्त राहायचं. आज कायद्यात कलम आहे, बाईचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला वर्षभरापर्यंतच्या कैदेचं. पुकारणाऱ्या मामांना ते कोण सांगणार?

गोळ्यांसाठी केमिस्टकडे चिठ्ठी घेऊन जाल तर चेहरा खोकल्याच्या औषधाला आल्यासारखा ठेवा. उपयोग होणार नाही. “आम्ही ठेवतच नाही ताई, एफडीएवाले येतात.” २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीत मुलींचे गर्भ पाडणाऱ्या डॉक्टरचं प्रकरण झालं, सरकारने कंबर कसली, आणि या गोळ्या महाराष्ट्रातल्या दुकानांतून नाहीशा झाल्या. कारण काय, तर मुलगी वाचवायची. अहो, गोळ्या द्यायच्या त्या नऊ आठवड्यांच्या आत. तेव्हा सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे ब्रह्मदेवालाही दिसत नाही! ज्यांना मुलगी नको असते ते थांबतात, गुपचूप बघून घेतात आणि मग पाडतात. त्यांना केमिस्टची गरजच नसते, त्यांच्याकडे पाकीट असतं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, त्या काय या गोळ्यांनी घटल्या?

नात्यातल्या काकूंना कळू देऊ नका. आमच्या काकूंना कळलं. “भ्रूणहत्येचं पाप गं बाई,” म्हणाल्या. याच काकू पंचवीस वर्षांपूर्वी थोरल्या सुनेला रात्रीच्या गाडीने परगावी ‘ती तपासणी’ करायला घेऊन गेल्या होत्या. परत आल्यावर सून आठ दिवस झोपून होती. तेव्हा पाप गावी गेलं होतं वाटतं.

अमेरिकेची कीव करत राहा. ‘२०२२ मध्ये त्यांनी बायकांचा हक्क काढून घेतला, आपल्याकडे बरं आहे नाही?’ फार बरं आहे.

बलात्कार होणार असेल तर कोर्टाच्या तारखा सांभाळून होऊ द्या. चोवीस आठवडे उलटले की कोर्टातच जावं लागतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गुजरातच्या उच्च न्यायालयाने अशा एका मुलीला बारा दिवस पुढची तारीख दिली होती. पोट काय, थांबतं. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला शनिवारी बसून कान उपटावे लागले.

मला वाटलं होतं की पूर्ण लेख असाच हसत लिहीन. नाही जमत.

दुसऱ्या दवाखान्यातही तेच झालं, ‘जेन्ट्स’. मग शनिवार, रविवार, मग मॅडम कॉन्फरन्सला. तिसऱ्या ठिकाणी एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी फॉर्म सी पुढे सरकवला, पेन दिलं, म्हणाल्या, “तू कर सही. दुसऱ्या कुणाची लागत नाही.” अर्ध्या मिनिटात झालं. पण तोवर नऊ आठवडे आणि तीन दिवस झाले होते. गोळ्यांवर भागलं असतं तिथं टेबलावर झोपावं लागलं, भूल, सलाइन, बिल, सगळं. बहिणीने सोनोग्राफीचा कागद बारीक घडी करून पर्समध्ये ठेवलाय, अजून काढलेला नाही. तिला हे सोपं गेलं असं ज्याला वाटतं त्याने तिच्या शेजारी एक रात्र काढावी.

ज्यांना हे पाप वाटतं त्यांनी करू नये. माझी ना नाही. पण मग त्या काउंटरवर बसू नका! डॉक्टरांनो, तुमची भीती मला कळते. न्याय संहितेच्या कलम ८८ नुसार गर्भपात आजही गुन्हाच आहे, १९७१ चा कायदा तुम्हाला त्यातून वाचवतो, आणि तुम्हाला कोर्टकचेरी नको असते. पण तो कायदा ज्या सहीवर तुम्हाला वाचवतो ती बाईची आहे. नवऱ्याची सही कायद्याने मागितलेली नाही, तुम्ही मागताय, उद्या तो भांडायला आला तर त्याच्या तोंडावर टाकायला कागद हवा म्हणून. स्वतःच्या सोयीसाठी एका बाईचे दोन आठवडे खाल्लेत तुम्ही. लाज वाटू द्या. एक पानाचा फॉर्म आहे, तुमच्याच ड्रॉवरमध्ये पडलाय, काढा आणि वाचा. काउंटरवरच्या बाईंनाही वाचून दाखवा.

आणि तपासलं नाहीत, गोळी दिली नाहीत, हातसुद्धा लावला नाहीत. केसपेपरचे आठशे रुपये परत करा.