सेजला पाणी घालू नका की!

बेळगावात कुणी सेज, म्हणजे परदेशी स्वयंपाकातलं ते वासाच्या पानांचं झुडूप, लावायचं मनावर घेतलं की पहिला तमाशा नर्सरीत होतो. सेज मागितलं की लाल तुऱ्यांच्या साल्वियाची पिशवी पुढे येते. "हेच की वैनी, साल्विया म्हंजे सेजच!" कागदोपत्री बिचाऱ्याचं फारसं चुकत नाही, घराणं एकच. पण तो लाल तुरा शोभेचा; जेवणात घालायचं ते साल्विया ऑफिसिनॅलिस. वाद घालत बसू नये, पान चुरगाळावं. राखाडी झाक असलेलं, लवदार, बारीक सुरकुत्यांचं पान आणि बोटांना कापरासारखा उग्र वास, एवढं जमलं तर पिशवी उचलावी. गुळगुळीत हिरवंगार पान असेल तर नमस्कार करून बाहेर पडावं.

खरी कसोटी घरी. हे झाड भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरचं. मुळांना हवा पाहिजे, पाणी बेताचं. आणि आमच्याकडे मृग लागला की दसऱ्यापर्यंत परडं ओलं. खानापूर-जांबोटीकडे तर भाताची रोपं सुखात असतात, म्हणजे सेजनं काय ते समजून घ्यावं.

त्यामुळे जमिनीत लावण्याचा हट्ट नको. दहा-बारा इंची मातीची कुंडी घ्यावी, प्लॅस्टिकची नको. मातीच्या अंगातून ओल बाहेर पडते. दोन वाट्या तांबडी माती असेल तर एक वाटी जाड वाळू, एक वाटी बारीक खडी आणि मूठभर चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत. जास्त खत घातलं की पानं मोठी होतात आणि वास जातो. आमची जांभ्याची माती आंबट, म्हणून कुंडीमागे चहाचा एक चमचा शेतीचा चुना पंधरा दिवस आधी मिसळून ठेवावा. पूर्वेकडच्या काळ्या रानाची माती मात्र मुळीच घेऊ नये, ती पाणी धरून बसते. कुंडीखाली बशी नको, दोन विटांचे तुकडे हवेत.

एवढं करूनही झाड मरतं, कारण घरात माणसं असतात. दुपारी सेजची पानं जरा मलूल दिसतात, संध्याकाळी आपोआप सावरतात. पण तेवढा धीर कुणाला? आजी तांब्या घेऊन येते: "सुकलंय की बाळ, बघवत नाही." शेजारच्या अक्का कुंपणावरून "नीर हाकरी" म्हणतात, म्हणजे कानडीत तेच, पाणी घाला. सीमाभागात दोन भाषांचं एकमत मोठ्या मुश्किलीनं होतं आणि जे होतं ते नेमकं सेजच्या मुळावर येतं. बोट दोन इंच आत घालावं, कोरडं लागलं तरच पाणी. हा नियम कुंडीवर खडूनं लिहिला तरी पाहुणा वाचत नाही, तो थेट मग रिकामा करतो.

पावसाळ्यात कुंडी पडवीत, पण कौलांच्या पागोळ्यांपासून हातभर आत. पागोळीचं पाणी माती उडवतं, ती पानाच्या लवेत अडकते, मग तपकिरी ठिपके पडतात आणि जमिनीलगत खोड काळं पडून मऊ होतं. तिथवर पोचलं की विषय संपला. म्हणून मातीवर इंचभर खडी पसरावी आणि मे अखेरीस झाड एक तृतीयांश छाटून आत वारा खेळू द्यावा. छाटताना पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत जाऊ नये, तिथून सहसा फुटवा येत नाही.

आता शेजारी कोण बसवायचे ते. रोजमेरी आणि थाइम, हीही अशीच वासाची परदेशी झुडपं, तिघांचीही तहान सारखी. रोजमेरीला तर 2017 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी साल्वियाच्याच घराण्यात घेतलं, तेव्हा भावकीच झाली. पुदिना आणि कोथिंबीर एका कुंडीत अजिबात नकोत. त्यांना रोज पाणी लागतं. सेज जवळ असलं की कोबीवर अळी येत नाही, असं परदेशी बागवाले छातीठोक सांगतात. माझा त्यावर फार भरवसा नाही. चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला कोबी पाठवणाऱ्या भागात तरी मोहरी लावावी. बेंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेची जुनी शिफारस आहे: कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन. कोबीवरची अळी ज्याची, तो चौकोनी ठिपक्याचा पतंग अंडी घालायला मोहरीकडे वळतो. परसबागेत वाफ्याच्या कडेनं एक ओळ पुरते, कोबीआधी पंधरा दिवस पेरलेली. फक्त त्या मोहरीवरच्या अळ्या वेळेवर मारायच्या, नाहीतर आपणच पाळणाघर चालवतोय.

ऑक्टोबरात पाऊस सरला की चार इंची कोवळ्या फांद्या कापाव्यात, खालची पानं काढून ओलसर वाळूत खोचाव्यात. महिन्याभरात मुळं धरतात. पाच-सहा तरी लावाव्यात आणि त्यातल्या दोन आजीच्या नजरेआड, गच्चीवर.

पानांचं करायचं काय, हा प्रश्न शेवटी येतोच. तुपात तीन-चार पानं कुरकुरीत तळून उकडलेल्या बटाट्यावर टाकावीत. आमटीत नको, सगळ्या मसाल्यांवर कुरघोडी करतं. आणि काढा म्हणून रोज पेलाभर पिऊ नये, गरोदर बाईनं तर नाहीच. एवढं सांगितलं तरी अक्का विचारणारच, "खोकल्याला चालतंय काय हो?"